अणुवीज आणि इतर वीज : जोखमीचा तौलनिक विचार



अणुविजेवर आपल्या देशात चर्चा सुरू झाली, की ती बहुधा एकाच प्रश्नापाशी येऊन अडते : अणुवीज सुरक्षित आहे की नाही? एक पक्ष चेर्नोबिल आणि फुकुशिमा ही नावे उच्चारतो आणि त्यापुढे काही बोलण्याची गरज मानीत नाही. दुसरा पक्ष तज्ज्ञांच्या आश्वासनांचा दाखला देतो आणि विरोधकांना अज्ञानी ठरवून मोकळा होतो. या दोन्ही पक्षांच्या हातून एक गोष्ट राहून जाते. वीज निर्माण करण्याची सर्वस्वी निर्धोक अशी रीत मानवाला अद्याप सापडलेली नाही. तेव्हा या प्रश्नाला ‘कशाच्या तुलनेत?’ अशी जोड दिल्यावाचून त्याचे उत्तर देता येत नाही. तेवढीच वीज दुसऱ्या मार्गाने मिळवू गेल्यास किती माणसे दगावतात, आणि ती माणसे कोण असतात, हे आज आपल्याला पाहावयाचे आहे. यांपैकी पहिला प्रश्न गणिताचा आहे आणि दुसरा न्यायाचा. दोन्ही एकमेकांत मिसळले गेल्यामुळे पुष्कळ वाद निष्कारण वाढले आहेत.

मराठीत जोखणे म्हणजे तोलणे. जोखीम हा शब्द आपण दोन अर्थांनी वापरतो. एक अर्थ धोका. दुसरा अर्थ, जो जुन्या बोलण्यात अधिक आढळतो, तो म्हणजे सांभाळण्यासाठी जवळ असलेला मौल्यवान ऐवज. दागिने बरोबर घेऊन प्रवासाला निघालेली बाई ‘अंगावर जोखीम आहे’ असे म्हणत असे. हे दोन्ही अर्थ आज आपल्या उपयोगी पडतील. प्रारंभ पहिल्या अर्थापासून करू.

प्रथम माप ठरवले पाहिजे. एका मोठ्या अणुकेंद्राची एका लहान औष्णिक केंद्राशी तुलना करून काही निष्पन्न होत नाही. म्हणून या विषयाचे अभ्यासक दर एक अब्ज, म्हणजे शंभर कोटी, युनिट विजेमागे किती मृत्यू घडतात, असे माप वापरतात. १,००० मेगावॅटचे केंद्र पूर्ण क्षमतेने चालले, तर सुमारे सहा आठवड्यांत एवढी वीज देते. या मापाची दुसरी अट अशी, की केवळ वीजकेंद्राच्या कुंपणाआतील अपघात मोजून चालत नाही. खाण, वाहतूक, भट्टी, धूर, राख आणि कचरा अशी सगळी साखळी मोजावी लागते.

ही साखळी कोळशापासून पाहू, कारण भारतातील सुमारे पाऊण हिस्सा वीज आजही कोळशावर होते. साखळीचे पहिले टोक खाणीत आहे. २७ डिसेंबर १९७५ रोजी धनबादजवळच्या चासनाला खाणीत जुन्या खोदकामात साठलेले पाणी एकाएकी घुसले आणि ३७२ कामगार आत गडप झाले. त्याच कोळसाक्षेत्रात झरिया येथे १९१६ सालापासून जमिनीखालची आग धुमसते आहे. तिच्यामुळे वस्त्या खचल्या आणि हजारो कुटुंबांना घरे सोडावी लागली. परंतु साखळीचे हे टोक तुलनेने लहान आहे. खरा भार पुढे, धुराड्यापाशी पडतो.

१,००० मेगावॅटच्या औष्णिक केंद्राला वर्षाकाठी सुमारे ४५ लाख टन भारतीय कोळसा लागतो. आपल्या कोळशात राखेचे प्रमाण मोठे, तिसऱ्या हिश्श्याच्या आसपास, असल्याने त्यातून सुमारे १५ लाख टन राख निघते. बरीचशी राख पकडली जाते. मात्र अत्यंत सूक्ष्म कण आणि वायू हवेत जातात. गंधकाच्या वायूपासून हवेत पुन्हा सूक्ष्म कण तयार होतात आणि ते शेकडो किलोमीटर वाहत जातात. हे कण फुप्फुसात खोलवर पोहोचतात. त्यांच्यामुळे हृदयविकार, पक्षाघात व श्वसनाचे विकार बळावतात. माणूस मरतो तो हृदयविकाराने. मृत्यूच्या दाखल्यावर कोळशाचे नाव कधीच नसते. म्हणूनच हे मृत्यू कोणाच्या डोळ्यांवर येत नाहीत.

मग ते मोजायचे कसे? हवेतील कणांचे प्रमाण आणि लोकसंख्येतील मृत्यूचा दर यांचा संबंध अनेक देशांतील दीर्घ अभ्यासांनी निश्चित केला आहे. त्या आधारे अनिल मार्कंड्या व पॉल विल्किन्सन यांनी २००७ साली ‘लान्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात युरोपातील वीजनिर्मितीचे आकडे मांडले. दर अब्ज युनिटांमागे कोळशाचे मृत्यू सुमारे २५ आणि नैसर्गिक वायूचे सुमारे ३ भरले. पुढे इतरांनी केलेल्या हिशेबांत जलविद्युत एकाहून किंचित अधिक येते, तर वारा, सूर्य आणि अणू हे तिन्ही एकाच्या दहाव्या हिश्श्याहूनही खाली येतात.

हे आकडे आपल्या देशाला लावून पाहू. अलीकडच्या वर्षांत भारतात कोळशापासून वर्षाला सुमारे १,३०० अब्ज युनिट वीज निर्माण होते. युरोपीय दरच धरला, तरी गुणाकार वर्षाला ३० हजारांच्या पुढे जातो. आपल्या केंद्रांभोवतीची वस्ती दाट आहे आणि धूर शुद्ध करण्याची साधने तोकडी आहेत, हे ध्यानात घेतल्यास हा आकडा फुगवलेला म्हणता येणार नाही. गंधकाच्या वायूला आळा घालणारे कडक निकष केंद्र शासनाने डिसेंबर २०१५ मध्ये जाहीर केले होते व त्यांची पूर्तता दोन वर्षांत व्हावयाची होती. मुदत पुनःपुन्हा वाढत गेली आणि जुलै २०२५ मध्ये बहुसंख्य केंद्रांना त्यातून सूटच देण्यात आली. यावर देशात कोठे मोठा मोर्चा निघाल्याचे ऐकिवात नाही.

आता पाण्याकडे वळू. जलविद्युत स्वच्छ मानली जाते, आणि नित्याच्या व्यवहारात ती तशी आहेही. धूर नाही, राख नाही. पण धरण ही साठवलेली शक्ती असते. चीनमधील हनान प्रांतातले बानछियाओ धरण ऑगस्ट १९७५ मध्ये वादळी पावसाने फुटले. पुराने काही हजार माणसे तत्काळ नेली आणि त्यामागून आलेल्या रोगराईने व उपासमारीने त्याहून अधिक. वरच्या अंदाजाप्रमाणे एकूण बळी दीड लाखाच्या पुढे जातात. वीजनिर्मितीशी संबंधित असा याहून मोठा अपघात इतिहासात नाही, आणि जलविद्युतेच्या आकड्यातला मोठा वाटा या एकट्या घटनेचा आहे. तरीही चेर्नोबिल हे नाव ज्याला ठाऊक आहे, अशा शंभरांतल्या किती जणांनी बानछियाओचे नाव ऐकले असेल?

आपल्याकडचे अनुभव फार जुने नाहीत. ७ फेब्रुवारी २०२१ रोजी चमोली जिल्ह्यात खडक व बर्फाचा कडा कोसळून ऋषिगंगा व धौलीगंगा या नद्यांवरील प्रकल्प उद्ध्वस्त झाले. दोनशेहून अधिक माणसे मृत वा बेपत्ता झाली, आणि त्यांत पुष्कळसे प्रकल्पावर राबणारे मजूर होते. ४ ऑक्टोबर २०२३ रोजी सिक्कीममध्ये हिमनदीचे सरोवर फुटले आणि १,२०० मेगावॅटच्या तीस्ता प्रकल्पाचे चुंगथांग येथील धरण वाहून गेले. जलाशयाचा भार भूगर्भावर काय परिणाम करतो, याचा जगातील सर्वांत अभ्यासलेला दाखला तर कोयनेचा आहे. ११ डिसेंबर १९६७ च्या त्या भूकंपात दीडशेहून अधिक माणसे दगावली. आणि विस्थापितांची मोजणी तर मृत्यूच्या कोणत्याच तक्त्यात येत नाही.

या पार्श्वभूमीवर आता अणुभट्टीकडे पाहू. तिचा धोका समजून घ्यावयाचा, तर एक भौतिक सत्य प्रथम जाणून घेतले पाहिजे. चूल विझवली की ती थंड होते. अणुभट्टी बंद केल्यानंतर तशी थंड होत नाही. युरेनियमच्या अणूंचे भंजन थांबवता येते, परंतु भंजनातून आधीच तयार झालेली द्रव्ये उष्णता देतच राहतात. १,००० मेगावॅट वीज देणाऱ्या भट्टीत सुमारे ३,००० मेगावॅट उष्णता निर्माण होत असते. भट्टी बंद केल्याक्षणी त्यातली सहा ते सात टक्के, म्हणजे सुमारे २०० मेगावॅट, शिल्लक राहते. एका दिवसाने ती अर्ध्या टक्क्याच्या आसपास येते, तरी तेवढीही इंधन वितळवण्यास पुरेशी असते. म्हणून बंद भट्टीला सुद्धा पाणी लागते आणि पाणी खेळवण्यासाठी बाहेरची शक्ती लागते. अणुवीज केंद्राच्या सुरक्षिततेचे सारे शास्त्र एका अर्थी या एका गरजेभोवती उभे आहे.

२८ मार्च १९७९ रोजी अमेरिकेत थ्री माइल आयलंड येथे एक झडप उघडी राहिली. चालकांना ती बंद वाटली आणि त्यांनी पाणी कमी केले. भट्टीचा गाभा अंशतः वितळला, पण बाहेरचे भक्कम संरक्षक कवच टिकले आणि वातावरणात अत्यल्प किरणोत्सर्ग गेला. २६ एप्रिल १९८६ रोजी चेर्नोबिल येथे कारण वेगळे होते. भट्टीची रचनाच कमी शक्तीवर अस्थिर होती, रात्री केलेल्या एका चाचणीत सुरक्षेच्या यंत्रणा बंद ठेवल्या होत्या, आणि तसे संरक्षक कवच मुळात नव्हते. स्फोट झाला व आग कित्येक दिवस चालली. ११ मार्च २०११ रोजी फुकुशिमा येथे भूकंप होताच भट्ट्या ठरल्याप्रमाणे आपोआप बंद झाल्या. पण पाऊण-एक तासात आलेल्या सुमारे १४ मीटर उंचीच्या लाटेने पाणी खेळवणारी डिझेल जनित्रे बुडवली, आणि तीन भट्ट्यांतील इंधन वितळले. त्या केंद्राची बांधणी सहा मीटरांहूनही कमी उंचीची लाट गृहीत धरून झालेली होती. भूकंपाच्या केंद्राला याहून जवळ असलेले ओनागावा येथील अणुकेंद्र मात्र उंचावर बांधलेले असल्याने वाचले, आणि आसपासच्या गावकऱ्यांनी त्याच केंद्राच्या आवारात आश्रय घेतला. एकाच दिवशी एकाच समुद्राने दोन केंद्रांची परीक्षा घेतली, आणि निकालातला फरक काही मीटर उंचीचा आणि ती उंची ठरवताना दाखवलेल्या दूरदृष्टीचा होता.

आपणही अशी एक परीक्षा दिली आहे. ३१ मार्च १९९३ च्या पहाटे उत्तर प्रदेशातील नरोरा केंद्रात टर्बाइनची पाती तुटली, हायड्रोजन वायू सुटला आणि आग लागली. मुख्य आणि पर्यायी अशा दोन्ही विद्युत्‌पुरवठ्यांच्या तारा पुरेशा विलग नसल्याने एकाच आगीत निकामी झाल्या. सुमारे १७ तास केंद्रात वीज नव्हती. कर्मचाऱ्यांनी अंधारात, धुरात वर चढून हाताने बोरॉनचे द्रावण भट्टीत सोडले, आणि आग विझवण्यासाठी ठेवलेल्या डिझेल पंपांनी पाणी पुरवून उष्णता वाहून नेली. किरणोत्सर्ग बाहेर गेला नाही व कोणी दगावले नाही. या घटनेतून दोन धडे एकदमच मिळतात : आपली माणसे कुशल आहेत, आणि त्यांच्या कौशल्यावर एवढा भार पडण्याची वेळ यावयास नको होती.

आता बेरीज करू. चेर्नोबिलला दोन कामगार त्याच रात्री मेले, आणि २८ जण त्या वर्षभरात तीव्र किरणोत्सर्गाने दगावले. किरणोत्सर्गी आयोडीन मिसळलेले दूध मुले पीत राहिली. ते वेळेवर थांबवले गेले नाही, आणि त्यामुळे लहान वयात त्या भागात असलेल्यांमध्ये २००५ सालापर्यंत कंठग्रंथीच्या कर्करोगाचे सुमारे सहा हजार रुग्ण आढळले. त्यांपैकी १५ तोपर्यंत मृत्यू पावले होते. पुढील मृत्यूंचे अंदाज मात्र फार भिन्न आहेत. संयुक्त राष्ट्रांच्या संस्थांनी २००५ साली सर्वाधिक किरणोत्सर्ग पोहोचलेल्या लोकांपुरता चार हजारांपर्यंतचा आकडा दिला, तर काही स्वतंत्र अभ्यासकांनी साऱ्या युरोपचा विचार करून ६० हजारांपर्यंत मजल नेली. हा फरक पडतो तो अत्यल्प मात्रेच्या परिणामाविषयी खात्री नसल्यामुळे. मात्रा थोडी आणि माणसे कोट्यवधी असली, की गृहीतकातला लहानसा बदल उत्तर कित्येक पटींनी फिरवतो.

म्हणून आपण वरचाच आकडा धरू. साऱ्या जगाने आजवर अणूपासून सुमारे एक लाख अब्ज युनिट वीज मिळवली आहे. ६० हजारांना एक लाखाने भागले, तर दर अब्ज युनिटांमागे ०.६ मृत्यू येतात. फुकुशिमाच्या स्थलांतरात दगावलेली दोन हजारांहून अधिक माणसे त्यात मिळवली, तरी हे उत्तर फारसे हलत नाही. सर्वांत प्रतिकूल अंदाज घेऊनही अणूचा आकडा कोळशाच्या चाळिसाव्या हिश्श्याच्या आसपास राहतो. गणिताच्या प्रश्नाचे उत्तर असे आहे आणि ते निःसंदिग्ध आहे. ज्याला अणुविजेला विरोध करावयाचा असेल, त्याने हे उत्तर मान्य करून पुढे बोलावे.

अर्थात, पुढे बोलण्यासारखे पुष्कळ आहे. न्यायाचा प्रश्न येथून सुरू होतो.

अमेरिकन अभियंते चॉन्सी स्टार यांनी १९६९ साली एक निरीक्षण मांडले होते. स्वेच्छेने पत्करलेला धोका माणूस सहज सोसतो. दुसऱ्याने लादलेला धोका तो त्याच्या सुमारे हजाराव्या हिश्श्याइतका असला तरच स्वीकारतो. धूम्रपान करणारा माणूस अणुकेंद्राला विरोध करतो, याचे हसू करण्यात येते. परंतु त्यात विसंगती नाही. सिगारेट त्याने स्वतः पेटवलेली असते. भट्टी त्याच्या गावाशेजारी दुसऱ्या कोणी तरी आणलेली असते. धोका किती, याबरोबरच तो कोणी ठरवला, हे विचारण्याचा नागरिकाला हक्क आहे.

त्यातून पहिला मुद्दा निघतो तो वाटणीचा. तारापूरच्या पहिल्या दोन भट्ट्या १९६९ साली सुरू झाल्या. पुढे तिसऱ्या व चौथ्या भट्टीसाठी अक्करपट्टी आणि पोफरण ही गावे उठवावी लागली, आणि पुनर्वसनाचा वाद न्यायालयापर्यंत गेला. झारखंडातील जादुगुडा येथे १९६० च्या दशकापासून युरेनियमची खाण आहे. तेथील आदिवासी गावांनी खाणीच्या गाळाच्या तलावांविषयी आणि आरोग्याविषयी वर्षानुवर्षे तक्रारी केल्या. शासकीय बाजूने त्यांचा किरणोत्सर्गाशी संबंध नाकारला. अणुविजेची साखळीही अशा रीतीने कोणाच्या तरी अंगणातून जाते. मात्र कोळशाची वाटणी याहून न्याय्य आहे, असे कोणी समजू नये. सिंगरौलीच्या परिसरातील गावे १९६०च्या सुमारास रिहंद धरणाच्या पाण्याखाली गेली. उठलेल्या कुटुंबांपैकी अनेकांना पुढे कोळशाच्या खाणी व औष्णिक केंद्रे यांच्यासाठी पुन्हा उठावे लागले. त्या वीजकेंद्रांचा प्रकाश दूरच्या शहरांत पडला, राख मात्र तेथेच राहिली.

दुसरा मुद्दा काळाचा. अणुकचऱ्यातील सीझियम व स्ट्राँशियम यांचे अर्धायुष्य सुमारे ३० वर्षांचे, म्हणजे ती द्रव्ये तीन शतकांत जवळजवळ निरुपद्रवी होतात. प्लुटोनियमचे अर्धायुष्य मात्र सुमारे २४ हजार वर्षांचे आहे. वापरलेल्या इंधनातील उपयुक्त भाग वेगळा काढून उरलेला कचरा काचेत गोठवण्याचे तंत्र आपल्याकडे आहे. फिनलंडने ओंकालो येथे चारशे मीटरांहून अधिक खोल खडकात कायमचे भांडार खोदले आहे. भारतात तसे भांडार नाही. याचा दुसरा भाग असा, की कचऱ्याचे आकारमान फारच लहान असते. १,००० मेगावॅटसाठी जड पाण्याच्या भारतीय भट्टीला वर्षाला सुमारे दीडशे टन नैसर्गिक युरेनियम पुरते. हे दीडशे टन एका बाजूला आणि ४५ लाख टन कोळसा दुसऱ्या बाजूला ठेवून पाहावे. राखेतला पारा आणि आर्सेनिक यांना तर अर्धायुष्यच नसते. ते विष कधीच निवळत नाही. कोळशातून निघणारा कार्बन डायऑक्साइडही शतकानुशतके वातावरणात राहतो, आणि त्याचे ओझे अजून न जन्मलेल्यांवर पडते. पुढील पिढ्यांचा विचार करावयाचाच असेल, तर तो दोन्ही पारड्यांत करावा लागेल.

तिसरा मुद्दा विश्वासाचा आहे, आणि माझ्या मते तोच सर्वांत महत्त्वाचा. जोखमीचा जो दुसरा अर्थ मी प्रारंभी सांगितला, तो येथे लागू पडतो. धूर सोडणे हा औष्णिक केंद्राचा नित्यक्रम असतो. ते केंद्र व्यवस्थित चालले तरी माणसे मरतात. अणुकेंद्र व्यवस्थित चालले तर कोणी मरत नाही. म्हणजेच त्याचा सारा धोका ‘व्यवस्थित’ या एका शब्दावर टांगलेला आहे. गाव आपली जमीन, आपले पाणी आणि आपली मुले एका संस्थेपाशी ठेव म्हणून ठेवते. ती संस्था कशी आहे, यावर सगळे अवलंबून राहते.

अशा वेळी संस्थांनी केवळ संभाव्यतेचे आकडे पुढे करून भागत नाही. अमेरिकेत १९७५ साली प्रसिद्ध झालेल्या रासमुसेन अहवालाने भट्टीच्या मोठ्या अपघाताची शक्यता उल्कापाताशी तोलून दाखवली होती. तेथील नियामक आयोगाने जानेवारी १९७९ मध्ये त्या अहवालाच्या सारांशाचे समर्थन मागे घेतले, आणि दोनच महिन्यांनी थ्री माइल आयलंड घडले. फुकुशिमाच्या चौकशीसाठी जपानी संसदेने नेमलेल्या आयोगाने २०१२ साली निष्कर्ष काढला, की ती आपत्ती मानवनिर्मित होती. शासन, नियामक आणि कंपनी यांचे साटेलोटे तिच्या मुळाशी होते. त्याच वर्षी भारताच्या नियंत्रक व महालेखापरीक्षकांनी, १९८३ साली स्थापन झालेल्या आपल्या अणुऊर्जा नियामक मंडळाच्या स्वायत्ततेविषयी गंभीर आक्षेप नोंदवले. ज्यांच्यावर देखरेख ठेवावयाची, त्याच यंत्रणेच्या अधीन हे मंडळ होते. डिसेंबर २०२५ मध्ये संसदेने नवा अणुऊर्जा कायदा संमत केला. त्यात मंडळाला वैधानिक दर्जा मिळाला, आणि त्याचबरोबर खाजगी कंपन्यांना अणुवीजनिर्मितीचे दारही उघडले गेले. नफ्याचा हेतू जेथे प्रवेश करतो, तेथे राखणदार अधिक स्वतंत्र आणि अधिक कठोर असावा लागतो. तो तसा निघतो की नाही, यावर पुढची जोखीम ठरेल.

येथे कोणी विचारील, की सूर्य आणि वारा असताना या सगळ्या खटाटोपाची गरज काय? प्रश्न रास्त आहे. मृत्यूच्या तक्त्यात ते दोन्ही सर्वांत खाली आहेत, आणि जानेवारी २०२५ मध्ये भारताच्या सौर केंद्रांची क्षमता एक लाख मेगावॅटच्या पुढे गेली. त्यांनाही जमीन लागते. राजस्थानातील विद्युत्‌वाहिन्यांवर आपटून मरणाऱ्या माळढोक पक्ष्याचे प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले, हे आपणांस ठाऊक असेल. तरीही ही किंमत इतरांच्या मानाने अल्प आहे. अडचण आहे ती सूर्यास्तानंतरची. देशाची विजेची मागणी संध्याकाळी वाढते आणि पॅनेल तेव्हा निजतात. साठवणुकीची साधने वेगाने स्वस्त होत आहेत. जेवढी साठवण कमी पडेल, तेवढी रात्रीची वीज आजमितीस बहुतांशी कोळशावर होते, आणि तेवढा कोळशाचा धूर त्या हिशेबात धरावा लागतो. खरी तुलना अशी पूर्ण दिवसाची, चोवीस तासांची असावयास हवी.

एवढ्या विवेचनातून मला जे निष्कर्ष निघतात असे वाटते, ते मी थोडक्यात मांडतो.

पहिला निष्कर्ष असा, की सुस्थितीत चालणारी अणुभट्टी भीतीपोटी बंद करून तिच्या जागी कोळसा जाळणे हा तोट्याचा व्यवहार आहे. जर्मनीने १५ एप्रिल २०२३ रोजी आपल्या शेवटच्या तीन भट्ट्या बंद केल्या, त्या वर्षी त्या देशातील सुमारे चौथा हिस्सा वीज कोळशाची होती. क्रम उलटा असता, तर काही माणसे अधिक जगली असती.

दुसरा, नव्या विजेवर पहिला हक्क सूर्य, वारा आणि साठवण यांचा असावा. अणुविजेचा विचार उरलेल्या गरजेसाठी व्हावा. आज देशाच्या विजेत तिचा वाटा सुमारे तीन टक्केच आहे, आणि भट्टी बांधून होण्यास दहा-दहा वर्षे लागतात. तिच्यावर सारी भिस्त ठेवणे व्यवहार्य नाही.

तिसरा, जेथे भट्टी उभी राहील, तेथील लोकांना त्यांच्या भाषेत सर्व माहिती अगोदर मिळाली पाहिजे. समुद्राची लाट किती उंच धरली आहे, गाव रिकामे करावयाचे तर कोणत्या रस्त्याने आणि किती वेळात, हानी झाल्यास भरपाई कोण आणि किती देणार, हे प्रश्न विचारणारा माणूस देशद्रोही नसतो. माडबन येथे किंवा कुडनकुलम येथे लोकांनी असेच प्रश्न विचारले. फुकुशिमाच्या अभियंत्यांना वेळीच कोणी हे विचारले असते, तर त्यांचेच कल्याण झाले असते.

आणि चौथा निष्कर्ष, ज्यासाठी मी आज येथे उभा आहे. अणुकेंद्राला आपण जे प्रश्न विचारतो, तेच प्रश्न औष्णिक केंद्रालाही विचारले पाहिजेत. अणुकेंद्रातून बाहेर पडणाऱ्या किरणोत्सर्गाने सामान्य नागरिकाला वर्षाकाठी एक मिलिसिव्हर्टहून अधिक मात्रा मिळू नये, अशी मर्यादा आहे. निसर्गातूनच आपणा प्रत्येकाला सरासरी २.४ मिलिसिव्हर्ट मिळत असतात, हे पाहता ही मर्यादा कडक म्हटली पाहिजे. ती तशीच असावी. पण मग धुराड्याखालच्या गावातील हवेचा हिशेब कोण ठेवतो? राखेच्या तलावाच्या बांधाची तपासणी कोण करतो, आणि तिचा निकाल गावाच्या चावडीवर लागतो काय? अणुविषयीच्या भीतीने आपल्याला दक्षता शिकवली, हा तिचा मोठा उपकार आहे. ती दक्षता एकाच धुराड्याविना चालणाऱ्या केंद्रापुरती राखून ठेवणे, आणि ज्याच्यामुळे दरवर्षी हजारो माणसे मुकाट्याने जातात त्याला विनाप्रश्न सोडून देणे, हे न्यायाचे नाही आणि गणिताचेही नाही.

दिव्याचे बटण दाबणाऱ्या प्रत्येकाने कोणती ना कोणती जोखीम कोणाच्या तरी अंगावर टाकलेली असते. ती कोणाच्या अंगावर आहे, हे जाणून घेणे एवढे तरी आपल्या हाती आहे.